दाताच्या डॉक्टरला दादाच्या गोळ्या सांगितल्या नाहीत, त्याची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या आठवड्यात दादाची खालची डावी दाढ ठणकायला लागली. रात्री दीड वाजता मी पाणी प्यायला उठले तर हा स्वयंपाकघरात फरशीवर बसलेला, गालाला पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या लावून. मला म्हणाला, चिमे तू झोप, सकाळपर्यंत थांबेल. थांबणार नव्हतंच. त्या दाढेत वर्षभर खड्डा होता, आम्हाला माहीत होता, पण दादाच्या बाबतीत आमच्या घरात आधी डोकं मग बाकी सगळं असा हिशोब गेली वीस वर्षं चालत आलाय, त्यामुळे दाढ मागं पडत गेली.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते, माझ्या मोठ्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खूप वर जातं, कधी खूप खाली. चोविसाव्या वर्षी या आजाराचा पहिला मोठा अटॅक आला, मग दोन वर्षं चुकीच्या दिशेला गेली, देवऋषी झाले, अंगारे झाले, आणि २००६ पासून तो मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांकडे आहे आणि लिथियमवर आहे, मन ताळ्यावर ठेवणारी गोळी ती. लिथियमनं त्याला उभं केलंय हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी घाबरून गोळ्या बंद करायला नकोत. कुणीही स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका, प्लीज.

तर दाढ. सकाळी आम्ही सांगलीतल्याच एका दातांच्या दवाखान्यात गेलो, नाव लिहित नाही. काउंटरवर एक फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता, बीपी आहे का, शुगर आहे का, हार्टचा त्रास, दमा, कशाची अ‍ॅलर्जी, आणि सगळ्यात खाली "सध्या चालू असलेली औषधे". त्या ओळीवर मी पेन टेकवला आणि थांबले. शेजारच्या खुर्चीवर आमच्याच गल्लीतल्या एक वहिनी बसल्या होत्या, त्यांची मुलगी दातांना तारा लावायला आली होती, आणि काउंटरवरची मुलगी प्रत्येकाचा फॉर्म मोठ्यानं वाचून कॉम्प्युटरमध्ये भरत होती. मी त्या ओळीवर आडवी रेघ मारली. रेघ मारताना मनात असंही आलं की दाताचा आणि डोक्याच्या गोळ्यांचा काय संबंध, पण खरं कारण त्या वहिनी होत्या. हे मला कुणीतरी विचारायच्या आधी मीच सांगायला हवं म्हणून लिहितेय.

आत डॉक्टरांनी दाढ बघितली, एक्सरे काढला, म्हणाले मुळाशी पू आहे, आज लगेच काही करता येणार नाही, आधी सूज उतरू दे, पाच दिवस गोळ्या घ्या मग बघू. अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक्स, आणि दुखायची गोळी दिवसातून तीनदा, आयब्युप्रोफेनवाली. आपल्याकडे दात दुखला की हाच सेट मिळतो, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात या पट्ट्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असतील. औषधं चालू आहेत का काही, असं त्यांनी तोंडी विचारलं नाही, फॉर्मवर रेघ होती ना.

मी सगळ्या गोळ्या अगदी वेळेवर दिल्या. चौथ्या दिवशी सकाळी आईनं त्याच्या हातात चहा दिला आणि कप बशीवर वाजायला लागला. त्याचा हात लिथियममुळं कायमच थोडा थरथरतो, सही वाकडी येते, बँकेत त्यावरून वाद होतात, पण ती थरथर बारीक असते, सुईत दोरा घालतानाच कळेल अशी. ही वेगळी होती. अख्खं मनगट हलत होतं, चहा बशीत, बशीतून मांडीवर. मग जुलाब सुरू झाले, दुपारपर्यंत पाच वेळा. आई म्हणाली पित्त खवळलंय, मला वाटलं अँटिबायोटिकमुळं पोट बिघडलं असणार, दोघींनी मिळून ताक पाजलं. संध्याकाळी बोलताना त्याची जीभ जड यायला लागली, पिलेल्या माणसासारखी, आणि रात्री बाथरूमला जाताना तो भिंत धरून चालला, मधे एकदा दाराच्या चौकटीला आपटला. तेव्हा मी मिरजेच्या डॉक्टरांना फोन लावला, साडेदहा वाजले होते.

त्यांचा पहिला प्रश्न होता, गेल्या आठवड्यात नवीन कुठली गोळी सुरू झाली का? मी पट्ट्या हातात घेऊन नावं वाचली. आयब्युप्रोफेन म्हटल्याबरोबर ते म्हणाले ती आत्ता बंद, लिथियमही आजचं देऊ नका, आणि सकाळची वाट न बघता आत्ता घेऊन या.

लिथियमची पातळी १.९ निघाली. त्याची एरवी ०.७ ते ०.८ असते. दोन दिवस सलाईन, दर काही तासांनी रक्त, किडनीचा रिपोर्ट, ईसीजी. गणपती घरी बसले तेव्हा आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो, मूर्ती चुलतभावानं आणली.

त्या दोन दिवसात डॉक्टरांनी मला जे समजावलं ते मला अठरा वर्षं आधी कळायला हवं होतं. लिथियम हा एक क्षार आहे, मिठाच्याच घराण्यातला. शरीर त्याचं काही करत नाही, मोडत नाही, तो जसाच्या तसा किडनीतून लघवीवाटे बाहेर जातो, बाहेर जायला तेवढा एकच रस्ता. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, या जातीच्या दुखायच्या गोळ्या किडनीचं ते काम मंदावतात, लिथियम आत साचायला लागतं. मेट्रोनिडाझोलनंही पातळी वाढू शकते. त्यात जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं की आणखी साचतं. आणि लिथियमचं अवघडपण हे आहे की गुण येण्याची पातळी आणि विष होण्याची पातळी यांच्यात अंतर फार थोडं आहे. साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवतात, दीडच्या पुढं गेलं की धोका. म्हणून तर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासायला लावतात. मी दर वेळी ते रिपोर्ट फाईलला लावत होते पण आकड्याचा अर्थ कधी विचारला नव्हता.

दाढेसाठी त्याला साधी पॅरासिटामॉल चालली असती. ती दोन रुपयाची गोळी. एवढंच लागलं असतं, फॉर्मवर एक शब्द, लिथियम.

त्यानंतर मी हा विषय सोडला नाही. आधी मला फक्त गोळ्यांची भीती वाटत होती, पण नंतर दादाचं तोंड नीट उघडून बघितलं, खरंच उघडून, मोबाईलचा टॉर्च लावून, आणि मला रडू आलं. वरचे पुढचे चार दात सोडले तर जवळपास प्रत्येक दाताला हिरडीच्या कडेला काळी-तपकिरी रेघ होती, जसा ऊस बुडख्याशी किडतो तशी. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. आमच्या आजोबांनी ऐंशीव्या वर्षी भडंगातले शेंगदाणे चावून खाल्लेत आणि हा सांगलीत राहून भडंग पाण्यात भिजवून खायला लागला होता, आणि आम्हाला वाटत होतं की आवड बदलली.

लोक काय म्हणतात माहितीये? "घासत नसेल." नातेवाईक म्हणतात, दवाखान्यातली माणसंपण म्हणतात, आणि त्याच्यासमोर म्हणतात. तो खाली बघतो.

घासायचं आहेच त्यात, त्यावर येते. पण त्याआधी लाळ. दादा लिथियमबरोबर याच आजारासाठी ओलॅन्झापिन घेतो, आणि मधली बरीच वर्षं ट्रायहेक्सिफेनिडिल पण होती, हात-पाय ताठ होऊ नयेत म्हणून देतात ती. या दोन्हींनी तोंड कोरडं पडतं. कोरडं म्हणजे आपल्याला उन्हातून आल्यावर पडतं तसं नाही. तो बोलताना जीभ टाळ्यावरून सुटायचा टक् असा आवाज येतो, शेजारी बसलं की ऐकू येतो. बिस्किट चहात न बुडवता खाल्लं तर त्याचा पिठूळ गोळा दोन्ही गालात चिकटून बसतो आणि तो बोटानं काढतो. भाकरीचा पहिला घास आमटीशिवाय गिळता येत नाही. आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, आपल्याला पत्ताही नसतो, पण ती दिवसभर दात धुत असते, आंबटपणा मारत असते, दातावरचा क्षार गेला असेल तर परत भरत असते. तीच आटली की कितीही घासा, दात उघडे पडतात. म्हणून ती कीड हिरडीच्या कडेला, दाताच्या मानेशी, जिथं एरवी तरुण माणसाचे दात सहसा किडत नाहीत तिथं लागते.

मग कोरड्या तोंडाला माणूस काय करतो, काहीतरी पीत राहतो. लिथियमनं तहान वाढते ती वेगळीच. दादा दिवसाला सात-आठ कप चहा प्यायचा, दोन चमचे साखरेचा, आणि एकेक कप तासभर पुरवायचा, एक घोट, ठेवला, परत एक घोट. आमची दाताची डॉक्टर (दुसरी, तिच्याबद्दल पुढं लिहिते) म्हणाली की एकदम तीन लाडू खाल्लेले परवडले पण असा घोट घोट गोड चहा दिवसभर नको, कारण दर घोटानंतर तोंड पुढं अर्धा तास तरी आंबट राहतं, आणि लाळ नसेल तर आणखी जास्त. म्हणजे दादाच्या दातांना सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत सुट्टीच नव्हती. आणि चहा आम्हीच करून देत होतो, बिचारा शांत बसतोय म्हणून.

आता घासण्याबद्दल. २०१९ च्या पावसाळ्यात तो खूप खाली गेला होता, डिप्रेशनमध्ये. एका सकाळी मी ऑफिसला निघताना बघितलं तर तो बेसिनसमोर उभा, हातात ब्रश, ब्रशवर पेस्ट. मी डबा भरला, चप्पल घातली, किल्ली विसरले म्हणून परत आत आले, तो तसाच उभा. पेस्टचा वरचा थर सुकून भेगा पडल्या होत्या. मी विचारलं, काय झालं दादा. म्हणाला, सुरू कुठून करायचं तेच कळेना. त्याला आळस म्हणणाऱ्या माणसानं तो चेहरा एकदा बघायला हवा होता. पायऱ्या असतात ना कामाला, झाकण उघड, पेस्ट लाव, वर, खाली, मागं, चूळ, त्यातली प्रत्येक पायरी त्याला डोंगरासारखी होती, आणि आपण म्हणतो दोन मिनिटं तर लागतात.

आणि उलटंही असतं. तो वर जातो, म्हणजे मेनियात, तेव्हा पहाटे चारला वीस-वीस मिनिटं घासतो, इतक्या जोरात की ब्रशचे केस दोन आठवड्यात पसरतात आणि बेसिन लाल. ओसीडी, म्हणजे एकच गोष्ट परत परत करायला लावणारा आजार, तो असलेल्यांचंही असं होतं, हिरडीजवळ दाताला खाच पडते घासून घासून. म्हणजे दात बघून आजाराचा अंदाज येतो म्हणा ना.

ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्ह काइझली नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये मांडलंय की गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांचे सगळेच्या सगळे दात गेलेले असण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण २.८ पट असते. मी तो आकडा वाचला तेव्हा मला आमच्या स्वमदत गटातली माणसं डोळ्यासमोर आली, महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही जमतो, पेशंट आणि घरचे. तिथं हसताना तोंडावर हात ठेवणारे किती आहेत ते मी तोवर मोजलं नव्हतं.

त्या गटात मी हा विषय काढला तर मीटिंग दोन तास लांबली. प्रत्येकाकडं काही ना काही होतं. एका आईनं सांगितलं की मुलगा क्लोझापिनवर, म्हणजे भासांच्या आजारावरच्या गोळीवर आहे आणि त्याचं उलटंच, रात्री एवढी लाळ गळते की उशीला प्लॅस्टिक घालावं लागतं. क्लोझापिनचं हे ठाऊक असलेलं लक्षण आहे, पण तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती मुलाला रागवायची. (क्लोझापिनवाल्यांसाठी अजून एक, तोंडात अचानक फोड आले, घसा दुखून ताप आला तर त्याला उष्णता म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी रक्त तपासा, पांढऱ्या पेशी कमी झाल्याची ती खूण असू शकते.) एका काकांच्या पत्नीची जीभ आणि ओठ सारखे हलतात, जुन्या गोळ्यांचा वर्षानुवर्षांचा परिणाम, त्यामुळं कवळी तोंडात टिकत नाही, तीन कवळ्या करून झाल्या. खेड्यातून येणाऱ्या दोन बायका मशेरी लावतात, दोघी म्हणाल्या त्याशिवाय सकाळी डोकंच चालत नाही. त्यांना त्या गोळ्यांनी येणाऱ्या सुस्तीतून बाहेर यायला तंबाखू लागतो, हे समजून न घेता नुसतं "मशेरी सोडा" म्हणून काय होणार.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एक काकू आहेत, त्यांच्या मुलीला स्किझोफ्रेनिया आहे, भास होतात तो आजार. ती मुलगी तीन महिने सांगत होती, माझ्या दाताखाली कुणीतरी बसलंय आणि आतून ठोकतंय. घरच्यांनी डॉक्टरांना सांगितलं, भास वाढलेत असं सगळ्यांना वाटलं, डोस वाढवला. ती जास्त झोपायला लागली पण ठोकणं चालूच. मग एका सकाळी गाल टम्म सुजून डोळा झाकला गेला तेव्हा दाताच्या दवाखान्यात नेलं, दाढेच्या मुळाशी पू होता, चांगला जुना. ठणका म्हणजे तेच ना, नाडीबरोबर आतून कुणीतरी ठोकल्यासारखं. तिनं तिच्या भाषेत अगदी बरोबर सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, पोरीचं डोकं आजारी आहे म्हणून आम्ही तिच्या दातावरही विश्वास ठेवला नाही. मीटिंगमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही त्यानंतर.

ते ऐकून मला कुठंतरी वाचलेलं आठवलं. अमेरिकेत न्यू जर्सीला ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात १९०७ पासून हेन्री कॉटन नावाचे डॉक्टर प्रमुख होते. त्यांची पक्की समजूत होती की वेड हे शरीरात कुठंतरी लपलेल्या जंतुसंसर्गामुळं होतं, आणि त्यातही दातांमुळं. म्हणून ते पेशंटचे दात काढायचे, दातांनी भागलं नाही तर टॉन्सिल, मग आतडं, त्यात कितीतरी माणसं मेली. स्वतःच्या मुलांचे दातही त्यांनी काढले होते. १९२० च्या दशकात फिलिस ग्रीनएकर या डॉक्टर बाईंनी तिथं जाऊन तपासणी केली, कॉटन सांगायचे ते पेशंट बरे झाल्याचे आकडे त्यांना खरे वाटले नाहीत, पण त्यांचा अहवाल बाहेर येऊ दिला नाही. ते सगळं आता इतिहासात गेलं, कुणी वेड जावं म्हणून दात काढत नाही. पण मनाच्या आजाराच्या पेशंटचे दात आजही पटापट काढले जातात, ते का, तर "परत परत आणणं तुम्हाला जमणार नाही", "हा खुर्चीत शांत बसणार नाही", "रूट कॅनालला चार वेळा यावं लागेल, काढूनच टाकू". दादालाही पहिल्या दवाखान्यात चार दाढा काढायला सांगितल्या होत्या, दुखत एकच होती. आणि पैशाचंही आहे, दाढ काढायला काही शे रुपये, रूट कॅनाल आणि वर कॅप म्हणजे सहा-सात हजार आमच्याकडं, आणि या आजारात घरातला कमावता माणूसच बरेचदा घरी बसलेला असतो. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, मुंबईत सीएसएमटीजवळ, नागपूरला, संभाजीनगरला, तिथं खर्च फार कमी लागतो, पण सांगलीहून एका दाढेसाठी चार चकरा कोण मारणार. आपल्याकडं खाजगी डेंटल कॉलेजांच्या ओपीडी पण असतात, तिथंही स्वस्त पडतं, विचारून बघा.

आता दुसऱ्या डॉक्टरबद्दल. गटातल्याच एकांनी सुचवलं, वयानं माझ्याहून लहान मुलगी आहे, मिरजेत छोटा दवाखाना. मी या वेळी आधी फोन केला आणि फोनवरच सगळं सांगितलं, आजार, सगळ्या गोळ्या, डोस, लिथियमचा तो प्रसंग. ती म्हणाली, थांबा लिहून घेते. मग तिनं मनोविकारतज्ज्ञांचा नंबर मागून घेतला आणि दादा यायच्या आधी त्यांच्याशी बोलली. मला हे एवढं नवीन होतं की मी घरी येऊन आईला दोनदा सांगितलं.

पहिल्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. सकाळी साडेदहाची वेळ दिली होती, गर्दी नसते आणि दादाची गोळ्यांची गुंगीपण तोवर उतरलेली असते. त्याला खुर्चीत बसवलं, खुर्ची आडवी नाही केली. आरसा त्याच्या हातात दिला, त्याचेच दात त्याला दाखवले, पाणी मारायची नळी त्याच्या तळहातावर चालवून दाखवली, तो आवाज आधी लांबून ऐकवला. म्हणाली, दादा तुम्हाला थांबावंसं वाटलं की डावा हात वर करा, मी थांबणार, कारण विचारणार नाही. तो पहिल्या कामात सहा वेळा हात वर करून बसला, सहाही वेळा ती थांबली. मला वाटतं तो बघत होता खरंच थांबते का. तिसऱ्या वेळेला गेलो तेव्हा एकदाच हात वर केला.

भुलेच्या इंजेक्शनबद्दलही तिनं आधी गोळ्यांची यादी बघितली, कारण त्यात अ‍ॅड्रेनालिन असतं आणि डिप्रेशनच्या काही जुन्या गोळ्यांबरोबर ते जपून द्यावं लागतं. व्हॅल्प्रोएट (हीपण बायपोलरमध्ये देतात) घेत असाल तर दाढ काढायच्या आधी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, बघतात. डिप्रेशन-एंग्झायटीच्या एसएसआरआय गटातल्या, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे, गोळ्यांबरोबर आयब्युप्रोफेन घेतलं तर रक्तस्राव थोडा वाढू शकतो, आणि त्यांच्याबरोबर ट्रामाडोल ही दुखायची गोळी पण डॉक्टर टाळतात. त्याच गोळ्यांनी काही जणांना झोपेत दात खायची सवय लागते, मला स्वतःला त्या गणपतीनंतर एंग्झायटीसाठी गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांनी सकाळी उठल्यावर जबडा आखडायला लागला, मला वाटायचं उशी बदलायला हवी. आता रात्री घालायला पारदर्शक गार्ड करून घेतलंय.

घरात आम्ही काय बदललं तेही सांगते, कुणाला उपयोग झाला तर. चहा तीनच वेळा, जेवणाच्या आणि नाश्त्याच्या जोडीला, बाकी वेळ पाण्याची बाटली. दोन चमच्यांची साखर अर्ध्यावर आली, यावर भांडणं झाली, अजून होतात. मिठाचं मात्र काही बदललं नाही कारण लिथियमवर असताना मीठ एकदम कमी-जास्त करायचं नसतं. साखर नसलेला च्युइंगगम जेवणानंतर, चावल्यानं उरलीसुरली लाळ सुटते. रात्री झोपताना फ्लोराइडवाली पेस्ट, घासून थुंकायचं आणि वर चूळ भरायची नाही, पेस्ट दातावर राहू द्यायची, हे दादाला फार आवडलं कारण एक पायरी कमी झाली. आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टर दातांवर फ्लोराइडचा लेप देते, पाच मिनिटांचं काम.

वाईट दिवसांसाठी वेगळा नियम आहे. ज्या दिवशी त्याला बेसिनपर्यंत जाणं होत नाही त्या दिवशी मी ओला ब्रश पेस्ट न लावता पलंगावर नेऊन देते, बसल्या बसल्या फिरव म्हणते, एकदाच, तेवढं झालं तरी बास. तेही नाही झालं तर पाण्यानं खळखळून चूळ. आधी मी म्हणायचे नीट घास नाहीतर राहू दे, त्यात राहू दे चे दिवस वाढत जायचे. डॉक्टरनंच सांगितलं की अर्धवट घासलेले दात न घासलेल्यापेक्षा केव्हाही बरे.

आणि दातांचे डॉक्टर कुणी हे वाचत असतील तर हात जोडून एक विनंती. तुमच्या फॉर्मवर बीपी-शुगरच्या रांगेत "झोपेची, टेन्शनची, मनाच्या आजाराची गोळी" असं साध्या मराठीत छापा, आणि फॉर्म कोरा असला तरी आत, दार लावून, एकदा तोंडानं विचारा. आमच्यासारखी माणसं काउंटरवर लिहिणार नाहीत हो, गावात राहायचं असतं, बहिणींची लग्नं असतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे पासून लागू आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजाराच्या माणसाला शारीरिक आजाराच्या माणसाइतकीच बरोबरीची वागणूक आणि उपचार मिळायला हवेत आणि त्याची माहिती गुप्त राहायला हवी. काउंटरवर मोठ्यानं फॉर्म वाचणं त्यात बसत नाही. मनोविकारतज्ज्ञांनाही सांगणं आहे, नवीन गोळी लिहिताना तोंड कोरडं पडेल हे सांगता ना, मग दातांकडं जाऊन या हे पण त्याच वाक्यात सांगा.

मी एक कार्ड केलंय, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलं, आधार कार्डाएवढं. पुढच्या बाजूला गोळ्यांची नावं आणि डोस, मागं लाल अक्षरात "लिथियम चालू आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेट्रोनिडाझोल देण्याआधी विचारा" आणि दोन फोन नंबर. एक आईकडं असतं, एक माझ्या पर्समध्ये आणि एक दादाच्या शर्टाच्या खिशात. गेल्या महिन्यात तो ताप आला म्हणून एकटाच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन आला, मी ऑफिसला होते. संध्याकाळी म्हणाला, कार्ड दाखवलं मी, डॉक्टर म्हणाले बरं झालं आणलंत, आणि त्यांनी गोळी बदलली.

पाच दाढांचं रूट कॅनाल झालंय, दोन काढाव्या लागल्या, बाकीच्यांचं सिमेंट भरणं चालू आहे. भाकरी आता आमटीत न बुडवता जाते, भडंग अजून नाही. पुढची तारीख २२ ला आहे, वरची उजवी, सकाळी साडेदहा.